दाराची चौकट गेली कुठे?

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबातील आजी सकाळी आंघोळीला गेल्या आणि आत अडकल्या. कडी त्यांनी काढली होती, पण दार हलेना. आठवडाभर पावसाची झड लागून राहिली होती आणि न्हाणीघराचे लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसले होते. दार आत उघडणारे. ते आतून ओढायला आजींच्या हातात बळ नव्हते आणि बाहेरून रेटावे तर दारामागेच आजी उभ्या. शेवटी त्यांना पलीकडच्या भिंतीला टेकून उभे राहायला सांगितले आणि दोघांनी खांदे लावून दार ढकलले, तेव्हा कुठे ते उघडले. यात अर्धा तास गेला. आजींना इजा झाली नाही. पण घरातील सगळ्यांच्या मनात एकच विचार आला, आत त्या घसरून पडल्या असत्या तर?

दिवाळीनंतर त्यांच्या घराची दुरुस्ती निघाली. मुलीच्या वडिलांनी एका प्रदर्शनात बिनचौकटीची दारे पाहिली होती. दार आणि भिंत अगदी एका सपाटीत, मध्ये फक्त केसासारखी एक रेघ. ते म्हणाले, "सगळी दारे अशीच करू. चौकटच नसली म्हणजे दार अडकणार कशात?" आजींना हे पटेना. "चौकटीवाचून दार? अरे, ते टेकणार कशावर? आणि उभे तरी कसे राहणार?"

त्यांची नात तेव्हा नववीत होती. हातात मोजपट्टी घेऊनच ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाबांचे बरोबर की आजीचे?"

मित्रांनो, प्रश्न साधा दिसतो; पण तो सोडवताना तुमच्या पाठ्यपुस्तकातील तरफ, प्रसरण, पायथागोरसचे प्रमेय आणि ध्वनी या चारही प्रकरणांची गाठ पडते. चला, आपणही तो सोडवू या.

चौकटीची चार कामे

आधी चौकट करते काय, ते पाहू. एखाद्या जुन्या दारासमोर उभे राहा. बाजूंना दोन उभे खांब, वर आडवी पट्टी आणि खाली उंबरठा. वरच्या पट्टीवर पुष्कळ घरांत गणपती कोरलेला असे, म्हणून तिला गणेशपट्टी म्हणतात. या चार लाकडांकडे चार कामे सोपवलेली असतात.

पहिले काम दाराचे वजन पेलण्याचे. बिजागऱ्या चौकटीवर ठोकलेल्या असतात आणि चौकट लोखंडी पट्ट्यांनी, म्हणजे होल्डफास्टनी, भिंतीत पक्की केलेली असते. दुसरे काम दाराला थांबवण्याचे. चौकटीच्या कडेला आतून एक खाच असते. दार मिटले की ते या खाचेत जाऊन टेकते, पलीकडे जात नाही. तिसरे काम फट झाकण्याचे. दार सहज फिरावे म्हणून त्याच्याभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावीच लागते. ती या खाचेमुळे झाकली जाते आणि वारा, उजेड, धूळ व आवाज यांना थेट वाट मिळत नाही.

चौथे काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सुताराचे काम मिलिमीटरमध्ये चालते, तर गवंड्याचे बोटांच्या मापाने. सरळ दार आणि थोडी वाकडी भिंत यांच्यातला फरक चौकट व तिच्यावरची पट्टी झाकून टाकतात. दोन कारागिरांमधला हा समेटच म्हणा ना!

आता 'बिनचौकटीचे' म्हणून विकले जाणारे दार पाहू. भिंतीला गिलावा करण्यापूर्वी दाराच्या जागी ॲल्युमिनियमची एक बारीक चौकट बसवतात. गिलावा तिच्या कडेपर्यंत आणून ती झाकतात. बिजागऱ्या दाराच्या जाडीत लपवलेल्या असतात, खटका बहुधा चुंबकाने ओढला जाणारा असतो. दार मिटले की त्याचा पृष्ठभाग भिंतीशी एकरूप होतो. म्हणजे चौकट गेलेली नसते. ती भिंतीच्या आत लपलेली असते.

तेव्हा आजींचे म्हणणे अर्धे बरोबर निघाले. चौकट डोळ्यांआड करता येते, पण तिची चार कामे नाहीशी होत नाहीत. ती कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. दार निवडताना विचारायचा खरा प्रश्न हाच, की ही कामे आता कोण करणार?

वरच्या बिजागरीचा स्क्रू का निघतो?

वजनापासून सुरुवात करू. ९० सेंमी. रुंद, २१० सेंमी. उंच आणि ३५ मिमी. जाड असे भरीव फ्लश दार घ्या. त्याचे वजन ३६ किलो धरू. हे वजन गुरुत्वमध्यातून, म्हणजे दाराच्या मधोमध, खाली ओढले जाते. हा बिंदू बिजागऱ्यांपासून ४५ सेंमी. दूर आहे. त्यामुळे वजन दाराला नुसते खाली ओढत नाही, तर मोकळ्या बाजूला झुकवायला पाहते. या झुकवण्याच्या सामर्थ्याला आपण परिबल म्हणतो.

३६ × ४५ = १,६२० एवढे हे परिबल. त्याला तोलून धरायचे काम वरच्या आणि खालच्या बिजागरीचे. त्यांच्यातील अंतर १५० सेंमी. असेल तर १,६२० ÷ १५० = १०.८. म्हणजे वरची बिजागरी जवळजवळ ११ किलोच्या ओढीने भिंतीतून बाहेर खेचली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. बिजागऱ्यांमधील अंतर निम्मे केले, तर ओढ दुप्पट होईल. म्हणूनच सुतार त्या टोकांजवळ लावतो आणि मधे तिसरी देतो. सैल झालेला स्क्रू बहुधा वरच्याच बिजागरीचा का असतो, हेही आता उमगले असेल.

आता ३० किलो वजनाचे लहान मूल मुठीला लोंबकळून झोका घेते आहे अशी कल्पना करा. मूठ बिजागरीपासून ८० सेंमी. दूर. ३० × ८० = २,४००; त्याला १५० ने भागले की १६. आधीच्या ११ किलोत हे १६ मिळवले की वरच्या बिजागरीवरील ओढ २७ किलोवर जाते. मोठी माणसे "दाराला लोंबकळू नकोस" म्हणून ओरडतात, त्याच्यामागे असे गणित आहे!

लाकडी चौकटीत ही ओढ सहा-साडेसहा सेंटिमीटर जाड लाकूड सोसते. लपवलेल्या चौकटीत ती ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीतून थेट भिंतीकडे जाते. भिंत भरीव विटांची असेल तर खिळवणारे बोल्ट तिला नीट धरतात. भिंत पोकळ असेल, किंवा जिप्समच्या तक्त्यांची असेल, तर आत आधीच धातूचे किंवा लाकडाचे उभे आधार घालावे लागतात. तेव्हा पहिले काम भिंतीकडे गेले. ती ते करू शकेल का, हे दुकानात विचारून कळत नाही. भिंतीवर बोटाने ठोकून ऐकावे लागते.

वाड्यातील दाराचा काचेचा नातू

चौकट खरोखरच नसलेले एक दार असते. बँकेत, दवाखान्यात तुम्ही ते पाहिले असेल. ते म्हणजे काचेचे दार. १० मिमी. जाडीच्या अशा दाराचे वजन काढून पाहा. २१० × ९० × १ = १८,९०० घन सेंमी. काचेची घनता घन सेंटिमीटरला २.५ ग्रॅम. वजन भरते सुमारे ४७ किलो, म्हणजे आपल्या लाकडी दाराहून जास्त! मग ते बिजागरीवाचून तोलले कसे जाते?

ते लटकत नाही, उभे राहते. त्याच्या खालच्या कोपऱ्याजवळ जमिनीत एक पेटी पुरलेली असते. तिच्यातून वर आलेल्या आसावर सगळे दार उभे असते. वरच्या कोपऱ्यात दुसरा आस त्याला फक्त झुकू देत नाही. पेटीतील स्प्रिंग दार परत मिटवते आणि तेल त्याचा वेग आवरते.

ही युक्ती नवी वाटते का? मग एखाद्या जुन्या वाड्याचे दार पाहा. त्याला बिजागऱ्याच नसतात. झडपेच्या लाकडातूनच वर व खाली खुंट काढलेले असतात. खालचा खुंट दगडातल्या किंवा उंबऱ्यातल्या खळग्यात फिरतो आणि वरचा आडव्या लाकडाच्या भोकात. दाराचे सगळे वजन जमीन घेते. आजींना हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या माहेरच्या दाराचाच हा काचेचा नातू!"

या दारासाठी साधी काच चालत नाही, टफन्ड काच लागते. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्या दोन्ही बाजूंवर थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर लगेच घट्ट होतो. आतला भाग सावकाश थंड होऊन आकसू पाहतो आणि बाहेरच्या थराला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, तर आतला भाग ताणाखाली. काच तडकायची म्हणजे आधी पृष्ठभागावर ताण यावा लागतो, आणि इथे तर अगोदरचा दाब संपल्यावरच तो येणार. म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असते. फुटली तर आत साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होऊन तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. सुरीसारखी पाती निघत नाहीत.

याच गुणधर्माचे एक जुने खेळणे आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की शेपटीवाला काचमणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही आणि शेपटी मोडली की सबंध मण्याचा चुरा होतो. प्रिन्स रुपर्टचे थेंब म्हणून प्रसिद्ध असलेले हे मणी १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत तपासायला आले. त्यांच्या चुऱ्याचे कोडे पुरते उलगडायला तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. १९९४ साली श्रीनिवासन चंद्रशेखर आणि एम. एम. चौधरी यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हा स्फोट टिपून दाखवला. शेपटीतून निघालेली भेग सेकंदाला सुमारे दीड ते दोन किलोमीटर वेगाने डोक्याकडे धावत होती!

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोसकता येत नाही. कुलपाची, मुठीची भोके तापवण्याआधीच पाडावी लागतात. तिची कड हा तिचा नाजूक भाग. आणि उजेडाच्या खोलीत ती दिसतच नाही, म्हणून तिच्यावर डोळ्यांच्या उंचीला पट्टा हवाच. सुरक्षा काचेसाठी आपल्याकडे आय. एस. २५५३ हे भारतीय मानक आहे. काचेवर त्याची खूण आहे की नाही, ते पाहून घ्यावे.

लाकूड पाणी पिते

आता वडिलांचा मुद्दा. चौकट नसली तर दार अडकणार नाही, हे खरे का?

दार अडकते ते चौकटीमुळे नव्हे, लाकूड फुगल्यामुळे. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या भिंती हवेतील बाष्प शोषून जाड होतात. पुण्यात उन्हाळ्यातील दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते, तर जुलै-ऑगस्टच्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर असते. लाकडातील पाण्याचे प्रमाण या चढउताराच्या मागेमागे जाते.

गंमत अशी, की लाकूड सगळ्या दिशांना सारखे फुगत नाही. लांबीच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ फुगतच नाही. आडव्या दिशेने फुगते, आणि वर्षवलयांना समांतर अशा दिशेने सर्वांत जास्त. सागवान हे यात गुणी लाकूड. पूर्ण ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत ते वलयांना समांतर दिशेत ५.८ टक्के आणि वलयांच्या त्रिज्येच्या दिशेत फक्त २.५ टक्के आकसते. लाकूड आकसायला लागते ते त्यातील पाणी सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे बदल होतो साधारण ०.१९ टक्का.

समजा, सागाच्या उभ्या फळ्या शेजारी शेजारी जोडून ९० सेंमी. रुंदीचे दार केले आणि चैत्रापासून श्रावणापर्यंत त्यातील पाणी ६ टक्क्यांनी वाढले. ०.१९ × ६ = १.१४ टक्के. ९० सेंमी.चे १.१४ टक्के म्हणजे १० मिलिमीटर! आणि दाराभोवती आपण फट ठेवली होती दोन-तीन मिलिमीटरची. मग आजी आत अडकणार नाहीत तर काय?

जुन्या सुतारांना ही आकडेवारी ठाऊक नव्हती, पण उपाय ठाऊक होता. तो म्हणजे पॅनेलचे दार. कडेला दहा-दहा सेंटिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि मध्ये खाचेत सैल बसवलेली फळी. आडव्या पट्ट्यांचे तंतू दाराच्या रुंदीच्या दिशेने असतात, म्हणून त्या लांबीत वाढत नाहीत. फुगतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, २० सेंमी.चे १.१४ टक्के म्हणजे जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. मधली फळी खुशाल फुगते, पण खाचेतल्या खाचेत. तिला सरस लावून पक्की करायची नाही, हे यातले मर्म. आजचे फ्लश दार दुसऱ्या मार्गाने जाते. त्यात लाकडाचे पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात. एका थराचे फुगणे शेजारचा थर रोखून धरतो. लाकडी फ्लश दारांसाठी आय. एस. २२०२ हे भारतीय मानक आहे.

आता बिनचौकटीच्या दाराची अडचण ध्यानात येईल. त्याच्याभोवतीची फट ही उघड्यावरची रेघ असते. ती सगळीकडे सारखी, तीनएक मिलिमीटर असेल तरच दार सुंदर दिसते. साधे दार फुगले तर सुतार चार वेळा रंधा मारतो आणि ते खाचेत झाकले जाते. बिनचौकटीच्या दाराच्या कडेला बहुधा धातूची पट्टी असते. तिला रंधा मारायचा कुठे? वडिलांचे म्हणणे नेमके उलटे आहे. चौकट लपवलेले दार फुगण्याबाबत जास्त काटेकोर असावे लागते.

आणखी एक खोड. द्विधातू पट्टीचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते. दाराच्या एका बाजूला सनमायका लावला आणि दुसरी बाजू नुसती रंगवली, तर तसेच होते. एक बाजू बाष्प पिते, दुसरी पीत नाही, आणि दार धनुष्यासारखे वाकते. बिनचौकटीच्या दारात हा मोह फार असतो, कारण एका बाजूला भिंतीचा रंग द्यायचा असतो आणि दुसऱ्या बाजूला लाकडाचे रूप. तेव्हा दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे, सारखेच बाष्परोधक थर हवेत. वरची आणि खालची कडही रंगवलेली हवी. आमच्या सुतारकाकांनी न्हाणीघराचे जुने दार उतरवले तेव्हा त्याच्या खालच्या कडेला रंगाचा एक थेंबही नव्हता. वर्षानुवर्षे ते तिथूनच पाणी पीत होते.

मिलिमीटरचा हिशेब

फट ठेवायचीच कशाला, असेही कुणी विचारील. याचे उत्तर पायथागोरस देतो. दाराला जाडी असते. मिटलेल्या दाराचा मोकळ्या कडेचा मागचा कोपरा बिजागरीच्या आसापासून दाराच्या रुंदीइतका नव्हे, तर रुंदी व जाडी यांच्या कर्णाइतका दूर असतो. रुंदी ९० आणि जाडी ४ सेंमी. घ्या. ८,१०० + १६ = ८,११६ आणि त्याचे वर्गमूळ ९०.०९. म्हणजे दार उघडताना हा कोपरा ०.९ मिमी. बाहेर येतो. ३० सेंमी. रुंद कपाटाच्या दाराला एवढीच जाडी दिली, तर तोच कोपरा अडीच मिलिमीटरहूनही अधिक, सुमारे २.७ मिमी. बाहेर येईल. दार जितके अरुंद, तितकी फट जास्त! म्हणून सुतार मोकळी कड किंचित तिरपी तासतो.

फट सारखी राहायची तर चौकटही ओळंब्यात हवी. आम्ही मुलीच्या घरी ओळंबा सोडला, तेव्हा एका भिंतीत २१० सेंमी. उंचीत १२ मिमी.चा कल निघाला. साध्या चौकटीमागे पाचर मारून तो झाकता येतो. लपलेल्या चौकटीला झाकायला काही नसते. चौकट भिंतीप्रमाणे कलती ठेवली, तर दार आपोआप उघडेल किंवा मिटेल, कारण बिजागऱ्यांचा आस कलला की दाराचा गुरुत्वमध्य सर्वांत खालच्या जागी जाऊ पाहतो. चौकट सरळ ठेवली, तर भिंतीचा गिलावाच नव्याने करावा लागेल. म्हणजे चौथे काम आता गवंड्याकडे गेले.

गिलाव्याला भेगा पडण्याचेही कारण इथे आहे. ॲल्युमिनियमची २१० सेंमी. लांबीची पट्टी तापमान २० अंशांनी वाढले की सुमारे १ मिमी. वाढते. विटांची भिंत त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीच वाढते. या ओढाताणीत सांध्यावर केसासारखी भेग उमटते. तिथे गिलाव्याच्या आत काचतंतूंची जाळी घातली, तर हा ताण पसरला जातो.

फटीतून येणारा आवाज

मुलीला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती. अभ्यासाच्या खोलीत बैठकीतल्या टीव्हीचा आवाज येऊ नये. "जाड दार घेतले की झाले ना?" ती म्हणाली.

हिशेब करू. भरीव आणि घट्ट बसलेल्या दारातून आवाजाच्या ऊर्जेचा साधारण हजारावा भाग पलीकडे जातो असे धरा. आता दाराखाली १ सेंमी.ची फट आहे. तिचे क्षेत्रफळ ९० चौ. सेंमी., दाराचे १८,९०० चौ. सेंमी.; म्हणजे फट दाराच्या २१० वा भाग. उघड्या फटीतून आवाज बिनरोक जातो. तेव्हा हजार भागांपैकी दारातून येतो १ आणि फटीतून जवळजवळ ५! दार दुप्पट जाड केले तरी फटीतले ५ तसेच राहणार. पैसे दाराच्या जाडीवर नव्हे, खालच्या फटीवर खर्च करायला हवेत.

पूर्वी हे काम उंबरठा करी. आता दाराच्या खालच्या कडेत एक रबरी पट्टी बसवता येते. दार मिटताना ती आपोआप खाली उतरते आणि उघडताना वर जाते. बाकी तीन बाजूंना लपलेल्या चौकटीत रबराची वळी असते. मात्र फट अगदी बंद केली, तर खोलीत हवा खेळायला खिडकी उघडी हवी, हे विसरू नये.

शेवटी काय ठरले?

मुलीने एका कागदावर चार कामांचे चार रकाने आखले आणि प्रत्येक दारापुढे विचार मांडला.

न्हाणीघराचे दार लाकडी नको, लपलेल्या चौकटीचेही नको. तिथे रोज पाणी आहे. म्हणून ग्रॅनाइटच्या दगडाची चौकट आणि पाणी न पिणारे फायबरचे दार ठरले. ते बाहेर उघडणारे करायचे, म्हणजे आत कुणी पडले तरी दार त्यांच्या अंगावर अडणार नाही. आणि खटका असा, की गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवता यावा. सगळ्या यादीत हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, असे तिने वर लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

आजींच्या खोलीच्या दारापाशी वडील अडून बसले. उंबरठा नसेल, चौकटीची जाडी वाचून वाट चार-सहा सेंटिमीटर रुंद होईल, उद्या चाकांची खुर्ची लागली तर सोपे जाईल. मुद्दा खरा होता. पण मुलीने विचारले, "बाबा, भिंतीच्याच रंगाचे दार रात्री आजीला दिसणार कसे?" आजींना मोतीबिंदू झालेला. त्यांना दार भिंतीपासून वेगळे दिसायला हवे. तिथे लाकडी चौकटच राहिली, पण उंबऱ्यावाचून, रुंद, आणि गडद तपकिरी रंगाची.

बिनचौकटीचे दार मिळाले अभ्यासाच्या खोलीला. तिथली भिंत भरीव विटांची होती, ओळंब्यात होती आणि गिलावा तसाही नव्याने व्हायचा होता. वडिलांना बैठकीतून ते दार दिसतच नाही, याचे समाधान आहे. मुलीला टीव्ही ऐकू येत नाही, याचे.

पुढच्या वर्षी तिने दर महिन्याला दारांच्या फटी तपासल्या. साधन एकच, पोस्टकार्ड. स्वयंपाकघराच्या जुन्या पॅनेलच्या दाराच्या फटीत ते फाल्गुनात सहज सरकले आणि भाद्रपदात शिरेना. नव्या दाराच्या फटीत ते बाराही महिने सारखेच सरकले. न्हाणीघराच्या दाराची तपासणी आजी स्वतःच करतात. रोज सकाळी आत गेल्यावर कडी लावण्याआधी एकदा दार ढकलून पाहतात.

करून पाहा

१. घरातील एका लाकडी दाराची मोकळ्या कडेची फट दर महिन्याच्या एक तारखेला पोस्टकार्डे सरकवून मोजा. किती पोस्टकार्डे एकावर एक मावली, ते वर्षभर वहीत लिहा. फट सर्वांत लहान कोणत्या महिन्यात झाली?

२. दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा करा. आपोआप उघडणाऱ्या किंवा मिटणाऱ्या दाराच्या चौकटीला तो लावून कल किती आहे ते मोजा.

३. उघड्या दाराला मुठीपाशी एका बोटाने ढकला. मग बिजागरीपासून १० सेंमी.वर त्याच बोटाने ढकला. जोरात फरक का पडला?

४. घरातील मोठ्यांना विचारा: आपल्या न्हाणीघराचे दार कोणत्या बाजूस उघडते? आत कुणी पडले तर ते बाहेरून उघडता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर ते आजच त्यांच्या कानावर घाला.